घरट्यांच्या वाटेने चाललेला माणूस : रिचर्ड कीर्टन



गेल्या फाल्गुनात आपल्या शाळेच्या मागील भिंतीवरील मधुमालतीच्या वेलीत बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले होते, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. लहान वाटीएवढे ते घरटे आणि त्यात तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. पहिल्या दिवशी ही बातमी पाचवीच्या वर्गापुरती होती. दुसऱ्या दिवशी ती साऱ्या शाळेत पोहोचली. मधल्या सुट्टीत तेथे रांग लागू लागली. मुलांना मोबाईल आणण्यास बंदी असल्यामुळे शिक्षकांच्या मोबाईलवर फोटो निघू लागले, शाळा सुटताना पालकांनी काढले. अंडी नीट दिसावीत म्हणून कोणीतरी समोरची पाने तोडली आणि एक फांदी दोरीने बाजूला बांधली. एक फोटो आम्हीही काढला, हे येथे कबूल करावयास हवे. आठवडा संपण्यापूर्वी बुलबुल घरटे सोडून गेले. दोन दिवस अंडी तशीच पडून होती, मग एके सकाळी कावळ्याने ती नेली.

पाचवीतील एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले की, आपण तर अंड्यांना हातसुद्धा लावला नाही, मग पक्षी का गेले? आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधताना आम्हाला एका माणसाचे चरित्र सापडले. तो इंग्लंडचा, त्यास जाऊन आता जवळजवळ शंभर वर्षे होत आली. पक्ष्यांची घरटी शोधणे आणि त्यांची छायाचित्रे घेणे यातच त्याचे आयुष्य गेले. त्याचे नाव रिचर्ड कीर्टन. या अंकात त्याचीच ओळख करून द्यावी असे ठरविले.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर नावाचा विस्तीर्ण परगणा आहे. त्यात स्वेल नदीचे खोरे आहे, त्यास स्वेलडेल म्हणतात. दोन्ही बाजूंस उंच, उघडे माळ, उतारावर दगडावर दगड रचून बांधलेले गडगे, मधे गवताची कुरणे आणि जागोजागी दगडी गोठे, असा तो मुलूख आहे. या खोऱ्याच्या वरच्या टोकास थ्वेट नावाचे एक चिमुकले गाव आहे. तेथे एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरी २ जानेवारी १८६२ रोजी रिचर्डचा जन्म झाला. त्याचा धाकटा भाऊ चेरी १८७१ साली जन्मला. दोघांची शाळा जवळच्या म्युकर गावातली, एका साध्या दगडी इमारतीतली. शाळेत जाण्याची वाट कुरणांतून आणि ओढ्याकाठून जात असे. आमची खात्री आहे की या मुलांचे अर्धे शिक्षण त्या वाटेवरच झाले असावे.

आपल्याकडे वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर, पळस आणि वाढते ऊन. तिकडचा वसंत निराळा. नोव्हेंबरपासून त्या माळांवर थंडी, पाऊस आणि बर्फ असते, दिवस इतके लहान की दुपारी चार वाजता अंधार पडू लागतो. मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो. एप्रिलमध्ये मेंढ्यांना कोकरे होतात. समुद्रकाठी हिवाळा काढलेल्या टिटव्या आणि कुरल माळावर परत येतात, चंडोल आकाशात चढून गाऊ लागतो, आणि आफ्रिकेत हिवाळा घालविलेली पाकोळी हजारो मैल उडून त्याच गोठ्याच्या आढ्याला येते. मे आणि जून हे महिने घरट्यांचे. दिवस इतका लांबतो की रात्री नऊपर्यंत उजेड असतो. अशा वसंतात एखादे मूल घरात बसेल हे शक्यच नाही. रिचर्डही बसत नसे.

त्या काळी इंग्लंडमधील मुलांचा एक आवडता उद्योग होता. घरटी शोधायची, अंडी काढायची, टाचणीने त्यास भोक पाडून आतील बलक फुंकून काढायचा आणि रिकामी कवचे कापसावर मांडून ठेवायची. मुलेच काय, डॉक्टर, धर्मगुरू आणि लष्करी अधिकारीही असा संग्रह करीत. पक्षी जितका दुर्मिळ तितकी त्याच्या अंड्यांची किंमत अधिक. सुंदर लाकडी कपाटांचे खण अशा अंड्यांनी भरलेले असत. यात काही वाईट आहे असे फारसे कोणास वाटत नसे. उलट तो निसर्गाचा अभ्यास समजला जाई.

रिचर्डही घरटी शोधण्यात पटाईत होता. एके दिवशी घरट्याच्या मोहाने तो झाडावर चढला आणि खाली पडला. पाय दुखावला. खेड्यात शिकलेला डॉक्टर कोठून असणार? हाड बसविण्याचे काम नीट झाले नाही, आणि तो पाय कायमचा अधू राहिला. पुढे जन्मभर रिचर्ड लंगडत चालला. शेतकऱ्याच्या घरात, जेथे माळावर मैलोगणती चालणे हेच काम, तेथे अशा मुलाचे कसे होणार याची आई-बापांना किती चिंता वाटली असेल, याची कल्पना पालक म्हणून आपण करू शकतो.

पण पळता येत नसल्याने रिचर्डला एक निराळी सवय लागली. तो थांबू लागला. इतर मुले जेथून धावत पुढे जात, तेथे तो गडग्याला टेकून बसे आणि पाहत राही. टिटवी घरट्यातून सरळ उडत नाही, आधी काही अंतर चालत जाते आणि मग उडते, म्हणून ती जेथून उडाली तेथे घरटे नसते. अशा गोष्टी धावणाऱ्यास दिसत नाहीत, बसणाऱ्यास दिसतात. माळावरील ग्राऊस नावाच्या पक्ष्याचा आवाज तर तो इतका हुबेहूब काढी की पक्षी फसून जवळ येत.

याच आवाजाने त्याचे नशीब पालटले. १८८२ साली, रिचर्ड वीस वर्षांचा असताना, लंडनच्या कॅसेल या मोठ्या प्रकाशन संस्थेतील एक भागीदार, गॅल्पिन नावाचे गृहस्थ, शिकारीसाठी स्वेलडेलला आले. या लंगड्या तरुणाची पक्ष्यांविषयीची जाण आणि त्याने काढलेला ग्राऊसचा आवाज पाहून ते थक्क झाले आणि त्यांनी त्यास आपल्या संस्थेत नोकरी देऊ केली. मेंढ्या राखणारा रिचर्ड लंडनच्या कचेरीत, जाहिरात विभागात, जाऊन बसला. येथे एक गोष्ट मुलांनी लक्षात घ्यावी. ज्या आवाजाने तो पुढे आला, तोच आवाज ऐकून पक्षी बंदुकीच्या टप्प्यात येत होते. रिचर्ड जन्मतःच पक्ष्यांचा कैवारी नव्हता. तो त्या काळाचा, त्या गावाचा मुलगा होता. तो बदलला, आणि हा बदलच त्याच्या चरित्रातील खरी घटना आहे.

वडिलांच्या निधनानंतर १८८७ मध्ये रिचर्डने धाकट्या चेरीलाही लंडनला बोलावून आपल्याच संस्थेत कामास लावले. दिवसभर कचेरी आणि सुट्टी मिळाली की शहराबाहेरची शेते, असा दोघा भावांचा क्रम सुरू झाला. १८९० साली रिचर्डचे पहिले पुस्तक निघाले. पुस्तकाचा विषय होता पक्ष्यांची घरटी, अंडी आणि अंड्यांचा संग्रह. होय, अंड्यांचा संग्रह. त्यात अंड्यांची रंगीत चित्रे होती. हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या हातून पुढच्या पाच वर्षांत अगदी निराळे पुस्तक व्हावयाचे होते.

१८९२ चा एप्रिल महिना. लंडनच्या उत्तरेस एल्स्ट्रीजवळ बोरहॅम वुड हे तेव्हा खेडेगाव होते. दोघे भाऊ कुंपणाच्या झुडुपांतून हिंडत होते. तिकडे एप्रिलच्या सुरुवातीस झुडुपांना पाने पुरती फुटलेली नसतात, पण काही पक्षी घरटी बांधून मोकळे झालेले असतात, म्हणून घरटी शोधण्यास हा काळ सोयीचा. त्यांना सॉंग थ्रशचे घरटे दिसले. हा पक्षी आपल्याकडील कस्तूरच्या नात्यातला. तो घरट्याला आतून मातीचा गुळगुळीत गिलावा करतो, आणि त्यात आकाशासारखी निळी, काळ्या ठिपक्यांची अंडी घालतो. चेरीजवळ एक साधा, स्वस्तातला कॅमेरा होता. त्याने त्या घरट्याचे, आतील अंड्यांसकट, जसे होते तसे छायाचित्र घेतले. निसर्गात जागच्या जागी घेतलेले अंड्यांसह घरट्याचे हे पहिले छायाचित्र असे मानले जाते.

आज हे ऐकून कोणास नवल वाटणार नाही. म्हणून त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय होते ते सांगितले पाहिजे. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग, मधे चामड्याचा भाता. ती पेटी तीन पायांच्या घोडीवर ठेवायची. डोक्यावर काळे कापड घेऊन, काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा पाहून ती स्पष्ट करावयाची. मग त्या जागी रसायनाचा थर दिलेली काचेची पट्टी सरकवायची. एका काचेवर एकच छायाचित्र. अशा डझनभर काचा पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, पडलात तर सगळे फुटले. उजेड कमी असेल तर झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागे, तेवढ्यात वाऱ्याने फांदी हलली की चित्र पुसट. आणि चित्र आले की नाही हे घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत काच धुतल्यावर कळायचे. आमच्या मोबाईलमध्ये त्या बुलबुलाच्या घरट्याचे एका मिनिटात अकरा फोटो निघाले होते, हे आठवून आम्हास संकोच वाटला.

ते थ्रशचे छायाचित्र पाहून रिचर्डच्या मनात एक कल्पना आली. ब्रिटनमध्ये घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे एक पुस्तक करायचे आणि त्यातील एकूण एक चित्र प्रत्यक्ष निसर्गात घेतलेले छायाचित्र असावयाचे. चित्रकाराने पेंढा भरलेला पक्षी पुढे ठेवून काढलेले चित्र नको. पुढची तीन वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस दोघांनी यात घालविला. घोडीचे पाय लांब करून उंच झाडांपर्यंत कॅमेरा पोहोचविला, एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, चेरी दोराला लोंबकळत समुद्रकाठच्या कड्यांवरून उतरला. रिचर्ड घरटी शोधी आणि लिही, चेरी कॅमेरा सांभाळी. १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील ते पुस्तक प्रसिद्ध झाले. निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनीच सर्वस्वी सजविलेले निसर्गविषयक पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो.

या पुस्तकाचे महत्त्व काय? अंड्यांचा संग्रह करणारे लोक म्हणत की अंडे आणल्याशिवाय अभ्यास कसा होणार, पुरावा कोणता? या दोन भावांनी तो पुरावा काचेवर आणून दाखविला. घरटे कोठे आहे, कसे विणले आहे, आजूबाजूला कोणते गवत आहे, अंडी कशी मांडली आहेत, हे सारे छायाचित्रात आले, आणि अंडी तेथेच राहिली. कापसावरच्या रिकाम्या कवचात यातले काहीच नसते. म्हणजे न नेता जे मिळाले ते नेऊन मिळणाऱ्यापेक्षा अधिक होते. पाच वर्षांपूर्वी अंडी-संग्रहाचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने हे दाखवून द्यावे, यात आम्हास मोठेपणा दिसतो.

१८९६ साली दोघे भाऊ स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या सेंट किल्डा या एकाकी बेटावर गेले. तेथील मूठभर वस्ती समुद्रपक्ष्यांवर जगत असे. पुरुष अनवाणी, दोरावरून उभ्या कड्यांवर उतरून पक्षी व अंडी आणीत. कीर्टन बंधूंनी पक्ष्यांबरोबरच या लोकांचीही छायाचित्रे घेतली आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्यांचे वर्णन आले. लंडनमधील शौकीन कपाट भरण्यासाठी अंडी नेतो आणि सेंट किल्ड्याचा माणूस घरच्यांच्या पोटासाठी नेतो, हा भेद आपण विसरू नये. १९३० साली उरलेले ३६ रहिवासी स्वतःच्या विनंतीवरून ते बेट सोडून मुख्य भूमीवर आले. आज त्या लोकांच्या जीवनाची जी थोडी चित्रे उरली आहेत, त्यांत या भावांची छायाचित्रे आहेत.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. घरट्याचे चित्र घेणे तुलनेने सोपे, कारण घरटे हलत नाही. पण घरट्यावर बसलेला पक्षी, पिलांना भरविणारा पक्षी कसा टिपायचा? माणूस दिसला की पक्षी उडून जातो. तो दूर बसून वाट पाहतो, आणि तोवर अंडी थंड होतात, पिले उपाशी राहतात. मादी फार वेळ दूर राहिली तर आतला जीव मरतो. शिवाय माणसांची ये-जा कावळ्यासारख्या चोरांना जागा दाखवून देते, आणि पाने तोडली की घरट्यावरचे छप्परच जाते. हात न लावताही अंडी मारता येतात, ती अशी.

रिचर्डने यावर उपाय शोधला तो असा, की पक्ष्याला माणूस दिसताच कामा नये. शेतकऱ्याचा मुलगा असल्याने त्यास ठाऊक होते की पक्षी गुराढोरांना भीत नाहीत. म्हणून १९०० च्या सुमारास दोघांनी चक्क एक बैल बनविला. हलक्या सांगाड्यावर खऱ्या बैलाचे कातडे चढविलेले, आत पोकळ, त्यात एक माणूस आणि कॅमेरा मावेल एवढी जागा, आणि भिंगासाठी एक भोक. हा बैल कुरणात नेऊन उभा करायचा आणि आत वाकून तासन् तास उभे राहायचे. चंडोलासारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षी थोड्या वेळात त्याच्या पुढ्यात येऊन निर्धास्त कामाला लागत. असेच एक पेंढ्याचे मेंढरूही त्यांनी तयार केले होते. खोटे झाडाचे खोड, खोटा खडक, असे कितीतरी प्रकार त्यांनी करून पाहिले.

हे वाटते तितके सुखाचे नव्हते. बैलाच्या आत उकाडा, पाठ मोडून निघे, पायांना मुंग्या येत, आणि रिचर्डचा तर एक पाय अधू. एकदा आत रिचर्ड असताना बैल कलंडला आणि पाय वर करून पडला. त्यास एकट्याने बाहेर येता येईना. चेरी परत आल्यावर त्याने भावाला बाहेर काढण्यापूर्वी त्या उलट्या बैलाचेच छायाचित्र घेतले! धाकटे भाऊ सर्व देशांत सारखेच असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत धैर्य म्हणजे धीर धरणे, वाट पाहणे. घरी मराठीत मात्र धैर्य म्हणजे हिंमत. लहानपणी या एका शब्दाने आमचा बराच गोंधळ उडविला होता. रिचर्ड कीर्टनचे चरित्र वाचताना वाटले की दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहावयास मिळाले. अधू पायाने डोंगर-कडे हिंडण्यास मराठीतले धैर्य लागले, आणि बैलाच्या पोटात उभे राहून एका चंडोलाची वाट पाहण्यास हिंदीतले. आम्हास दुसरे अधिक कठीण वाटते.

१८९८ मध्ये रिचर्डने नोकरी सोडली आणि लेखन व व्याख्यान हाच व्यवसाय केला. तो लंडनच्या दक्षिणेस कॅटरहॅम येथे राहू लागला. काचेवरील छायाचित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवीत तो गावोगाव बोलत असे. पक्ष्यांचे आवाज काढून दाखविण्याची जुनी कला येथे कामास आली असेल, आणि या वेळी समोर बंदूक नव्हती. सभागृहात शाळकरी मुले, गिरणी कामगार, शिक्षक बसलेले असत. ज्यांनी जन्मात माळ पाहिला नव्हता, त्यांनी अंधारात बसून टिटवी अंड्यांवर बसताना पाहिली. मुलांसाठी त्याने पुस्तके लिहिली, गिल्बर्ट व्हाइट या अठराव्या शतकातील धर्मगुरूच्या निसर्गविषयक प्रसिद्ध ग्रंथाची सचित्र आवृत्ती १९०२ मध्ये तयार केली, आणि अखेरीस १९२६ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ८ फेब्रुवारी १९२८ रोजी, वसंताची चाहूल लागण्याच्या सुमारास, त्याचे निधन झाले.

धाकटा चेरी पुढे निराळ्या वाटेने गेला. १९०० साली त्याने मेणाच्या नळीवर सॉंग थ्रश आणि नाइटिंगेल यांच्या गाण्याचे काही स्वर टिपले. मोकळ्या रानात गाणाऱ्या पक्ष्याचे ते अगदी सुरुवातीचे ध्वनिमुद्रण होय. नंतर तो चलचित्रांकडे वळला आणि आफ्रिकेतील प्राण्यांच्या चित्रपटांमुळे बड्या भावापेक्षाही अधिक प्रसिद्ध झाला. २७ सप्टेंबर १९४० रोजी, लंडनवर बॉम्ब पडत असण्याच्या दिवसांत, नभोवाणी केंद्राजवळच त्यास मृत्यू आला. त्याच्या काही वर्षे आधी लेस्टर शहरात त्याचे व्याख्यान ऐकण्यास एक शाळकरी मुलगा बसला होता. त्याचे नाव डेव्हिड ॲटनबरो. टीव्हीवर निसर्गपट पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव सांगावे लागणार नाही.

या भावांच्या मागून ब्रिटनमध्ये अनेकजण त्या वाटेने गेले. आडोशात बसून छायाचित्र घेण्याची रीत सर्वमान्य झाली. पक्ष्याला आडोशाची सवय व्हावी म्हणून तो आधी दूर उभारायचा आणि रोज थोडा थोडा जवळ आणायचा, हेही शिकले गेले. त्यात धोकेही होते. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराने १९३७ च्या वसंतात घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला, आणि तरीही त्याने हे काम सोडले नाही. १९५४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बहुतेक सर्व रानपक्ष्यांची अंडी घेण्यास बंदी आली. १९८१ च्या कायद्यानुसार ठरावीक दुर्मिळ पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास होईल असे वागणे हा गुन्हा आहे, म्हणून अशा पक्ष्यांचे घरट्यावर छायाचित्र घ्यावयाचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. म्हणजे ज्या देशात एके काळी अंडी नेणे हा अभ्यास होता, तेथे आज कॅमेरा घेऊन जवळ जाण्यासही विचारावे लागते. आपल्या देशातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे याची गणना शिकारीतच केली आहे. गेल्या वर्षी मधुमालतीखाली रांगेत उभे असताना आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होते? आम्हास नव्हते.

थ्वेट गावातील कीर्टन बंधूंच्या घराच्या दारावर दगडात पशुपक्षी कोरलेले आहेत, आणि म्युकरच्या त्या जुन्या शाळेच्या इमारतीवर दोघांच्या स्मृतीचे फलक लावलेले आहेत. मोठमोठ्या संस्थांनी गौरविलेल्या माणसांची आठवण त्यांच्या गावच्या शाळेने भिंतीवर जपावी, याहून शिक्षकास आनंदाची गोष्ट कोणती? त्या शाळेत एक लंगडा मुलगा मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असेल, आणि गुरुजींनी त्यास लक्ष देत नाही म्हणून टोकलेही असेल. आपल्या वर्गातही खिडकीबाहेर पाहणारी मुले आहेत. त्यांना टोकण्यापूर्वी, ते काय पाहत आहेत हे एकदा विचारावे, असे आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना नम्रपणे सुचवावेसे वाटते.

असो. आता थोडे कामाचे. येत्या फाल्गुनात बुलबुल परत येतील की नाही हे आपल्या हाती नाही. पण ते आले तर काय करायचे हे आताच ठरवून ठेवले आहे. वेलीपासून वीस पावलांवर चुन्याची रेघ असेल, तिच्या पुढे कोणीही जाणार नाही, प्राचार्यही नाहीत. पाने तोडायची नाहीत, फांदी बांधायची नाही. रेघेमागे एक स्टूल, एक दुर्बीण आणि एक वही असेल. रोज दोन विद्यार्थी, मधल्या सुट्टीत दहा मिनिटे, शांत बसून जे दिसेल ते वहीत लिहितील. मादी किती वेळ बसली, नर काय घेऊन आला, कावळा आला का. पिले उडून गेल्यावर घरट्याचा फोटो निवांत काढता येईल आणि तो या पत्रिकेत छापला जाईल.

विश्वस्त मंडळास एक विनंती. मागील भिंतीच्या डागडुजीचे आणि रंगाचे काम मार्च महिन्यात ठरले आहे, त्यासाठी मधुमालती छाटावी लागेल असे कळते. ते काम दसऱ्यापर्यंत पुढे ढकलता येईल का, याचा विचार व्हावा. भिंतीचा रंग सहा महिने थांबू शकतो, अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यास थांबता येत नाही.

आणि पाचवीतील त्या विद्यार्थिनीस, जी आता सहावीत गेली आहे, आमचे सांगणे असे की तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्हास उशीर झाला. वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव तुझे राहील.